मागच्या सीटवर आप्पा

लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर मी बायकोला सायकलवर हरवलं. शर्यतीत नव्हे. शर्यतीत तिला हरवणं मला या जन्मी शक्य नाही. हरवलं म्हणजे अक्षरशः हरवलं! निघताना ती मागच्या सीटवर होती आणि थोड्या वेळाने मी वळून पाहिलं तर तिथे तिचे वडील बसले होते.

वय वाढलं की बायका आपल्या आईसारख्या दिसायला लागतात, असं मी ऐकून होतो. पण रविवारी सकाळी, एका फाटकापासून पुढच्या मळ्यापर्यंत, एकदम वडिलांसारखी? मिशीसकट?

हे सगळं घडलं रुळावर. आमच्या नाशिकरोडच्या घरामागे पूर्वी रेल्वेची एक सायडिंग होती. एका कारखान्यात मालगाडी जायची. कारखाना बंद पडला, मग गाडी बंद पडली, मग रूळ गेले. (काही रेल्वेने नेले, काही लोकांनी. आमच्या गल्लीतल्या दोन पत्र्याच्या शेड कशावर उभ्या आहेत, हे मी सांगणार नाही.) कित्येक वर्षं त्या भरावावर वेड्या बाभळी आणि पत्ते कुटणारे एवढंच पीक यायचं. मग कुणाला तरी सुबुद्धी झाली आणि तिथे छान डांबरी ट्रॅक झाला. लाल पट्टा सायकलवाल्यांचा, बाकीचा चालणाऱ्यांचा. एक जुना सिग्नल शोभेला ठेवला, त्याच्याखाली लोक फोटो काढतात. मालधक्का होता तिथे मिसळीचं हॉटेल झालं. वाट सरळसोट आणि सपाट. रेल्वेला चढ आवडत नाही आणि मलाही आवडत नाही, त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

रूळ गेले, नाव मात्र राहिलं. अजूनही सगळे "रुळावर जाऊन येतो" असंच म्हणतात. एकदा मंगलच्या येवल्याच्या मावशींचा फोन आला. "जावई कुठंयत गं?" मंगल शांतपणे म्हणाली, "रुळावर गेलेत." पलीकडे मावशी किंचाळल्या, "अगं मग तू फोनवर काय बोलत बसलीस? धाव!"

मी मात्र तिथे हौसेने गेलो नव्हतो. डॉक्टरांनी माझे रिपोर्ट पाहिले, मग माझं पोट पाहिलं आणि म्हणाले, "चाला, नाहीतर सायकल चालवा." यातलं बसून होण्यासारखं जे होतं ते मी निवडलं.

आणि त्याच सुमारास आमच्याकडे आप्पा राहायला आले.

आप्पा म्हणजे मंगलचे वडील. दिंडोरीकडे त्यांची द्राक्षबाग. मोतीबिंदूचं ऑपरेशन नाशिकला झालं, डॉक्टरांनी धूळ आणि फवारणी यांच्या जवळपासही फिरकायचं नाही असं बजावलं, म्हणून बाग गावातच वेगळं घर केलेल्या माझ्या मेहुण्याच्या, दिलीपच्या, हवाली करून आप्पा आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आले. आठ-पंधरा दिवसांसाठी. दिवाळी झाली होती तेव्हा. आता थंडी ऐन भरात आली होती, आणि मंगल म्हणायला लागली होती, "उन्हाळ्यापर्यंत राहू देत की. तिकडं एकटे काय करतील?"

एकटे काय करतील ते मला माहीत नव्हतं, पण आमच्यात राहून काय करतात ते मी रोज पाहत होतो. उदाहरणार्थ, सोसायटीच्या गेटवरची बोगनवेल. अख्ख्या कॉलनीत तिच्यासारखी बोगनवेल नव्हती. एका सकाळी आप्पांनी कात्री मागून घेतली आणि द्राक्षाला करतात तशी तिची छाटणी केली. म्हणजे खोड आणि चार काड्या! सेक्रेटरी गेटपाशी येऊन बराच वेळ नुसते उभे होते. घरातलं माणूस गेल्यासारखा चेहरा. आप्पा त्यांना धीर देत म्हणाले, "भिऊ नका, लय फुटवा येईल."

तक्रार करायची तरी कुणाकडे आणि कुठे? आप्पांना कमी ऐकू येतं. कानात घालायचं छोटं मशीन आहे. पण त्यांचा कान फार अभ्यासू आहे. "आप्पा, जरा टीव्हीचा आवाज कमी करता का?" हे चार वेळा सांगितलं तरी ऐकू येत नाही, आणि स्वयंपाकघरात मी मंगलच्या कानात कुजबुजलो की बाहेरून आवाज येतो, "काय म्हणतायत जावईबापू?"

म्हणून मी बेत आखला. रुळावर भाड्याने सायकली देणाऱ्या हिराताईंकडे एक जोडसायकल आली होती. दोन सीटा, दोन पायडलांच्या जोड्या, एकच सायकल. नवीन लग्न झालेली पोरं ती घेऊन फोटो काढायची. मी ठरवलं, रविवारी तिघांनी रुळावर जायचं. आप्पा चालतील. आम्ही दोघं जोडसायकलवर पुढे निघून जाऊ आणि आप्पांच्या कानांच्या हद्दीबाहेर गेल्यावर मी मंगलशी विषय काढीन. नवरा-बायकोला घरात खासगी बोलता येत नाही म्हणून सायकल भाड्याने घेणारा नाशिकमधला बहुधा मी पहिलाच.

रविवारी थंडी अशी की तोंडातून वाफा. मी स्वेटर, त्यावर मफलर, डोक्यात लोकरीची कानटोपी आणि कानटोपीवर हिराताईंनी सक्तीने दिलेलं हेल्मेट, असा जामानिमा केला. आप्पा सदरा, धोतर, पांढरी टोपी आणि एक पातळ जाकीट. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "हिमालयात चाललाय का?"

हिराताईंनी सूचना दिल्या. "पुढचा हँडल धरतो, ब्रेकबी पुढंच. मागच्यानं फक्त पाय मारायचे. पुढचा नेईल तिकडं जायचं."

"म्हणजे संसाराच्या बरोबर उलटं," मी म्हणालो.

हिराताई हसल्या. मंगल हसली नाही.

आम्ही निघालो. निघालो म्हणजे लाल पट्ट्यावरून पांढऱ्यावर, पांढऱ्यावरून कचऱ्याच्या डब्यावर आणि तिथून पुन्हा लाल पट्ट्यावर.

"मंगल, पाय मार!"

"मारतेय!"

"मग मला एवढं जड का जातंय?"

"ते तुम्ही डॉक्टरांना विचारा!"

(ती पाय मारत नव्हती. पायडल आपोआप फिरतात, त्यावर तिने पाय नुसते ठेवले होते, झोपाळ्यावर बसल्यासारखे. हे तिने नंतर स्वतःच अभिमानाने सांगितलं.)

आप्पांच्या हद्दीबाहेर जाणं तर दूरच, ते आमच्या बाजूने चालत होते आणि मधूनमधून आमच्यासाठी थांबत होते! त्यातच चेन पडली. मी हात काळे करून ती चढवली. ती पुन्हा पडली. आप्पा हाताची घडी घालून सायकलीकडे फार प्रेमाने बघत उभे होते. तरुणपणी ते गावातून दुधाच्या किटल्या लावून सायकलने दिंडोरीला जायचे. ऑपरेशन झाल्यापासून त्यांना कुणी सायकलला हात लावू दिला नव्हता.

कसेबसे फाटकापाशी आलो. तिथे एक रस्ता ट्रॅकला आडवा जातो. मोटरसायकली आत येऊ नयेत म्हणून लोखंडी पाइप आडवे लावलेत. नेमका एक दाढीवाला मोटरसायकल तिरकी करून त्या पाइपांमधून आत घुसायच्या खटपटीत होता.

"ओ भाऊ, ही सायकलची वाट आहे!" मी एक पाय जमिनीवर टेकवून ओरडलो.

"मग माझी काय बैलगाडी आहे का? हिलाबी दोनच चाकं आहेत!"

"दोन चाकं तर ट्रॅक्टरलाही पुढे असतात, म्हणून आणाल का?"

वाद रंगला. (मी वादात चांगला आहे. समोरच्याला घाई असेल तर जिंकतोसुद्धा.) माझं सगळं लक्ष पुढे, आणि त्याच वेळी मागे काय घडत होतं ते मला पुढे कळलं. मंगलची कंबर धरली होती. तिला तिच्या भिशीतल्या दोघीजणी चालत येताना दिसल्या. तिने माझ्या पाठीला हात लावून सांगितलं, "अहो, मी ह्यांच्याबरोबर चालत येते. आप्पांना बसवा मागे, किती बघतायत बिचारे सायकलकडे. मिसळीच्या हॉटेलात भेटू." हेल्मेट, कानटोपी आणि दाढीवाला यांच्यामधून माझ्यापर्यंत फक्त "बसवा" आणि "मिसळ" एवढंच पोचलं. मी म्हणालो, "हो, हो, बस!"

मंगलने आपलं हेल्मेट आप्पांच्या टोपीवर बसवलं. आप्पा मागे बसले. दाढीवाला माघारी गेला. मी विजयी मुद्रेने पायडलवर जोर दिला.

आणि सायकल उडालीच!

काय वेग! आता हँडल डगमगत नव्हतं, चेन पडत नव्हती. मागून असा दणदणीत जोर येत होता की माझेच पाय पायडलांबरोबर पळत होते.

"वा, मंगल! वा! असं मारायचं!" मी ओरडलो. "आणि हलकी पण झालीस गं! गुरुवारचे उपास लागू पडले!"

मागून आवाज आला, "हं."

आता लक्षात घ्या, सव्वीस वर्षं मी मंगलशी बोलतोय आणि सव्वीस वर्षं मागून "हं" येतंय. संशयाला जागाच नव्हती.

मी मान वळवून पाहिलं. म्हणजे पाहायचा प्रयत्न केला, पण मफलर आणि हेल्मेट यांच्यात मान वळत नाही. पुढे ट्रॅकवर लांबपर्यंत पांढऱ्या टोपीचा माणूस दिसत नव्हता. आप्पा मागे पडले! हीच वेळ होती.

"मंगल, मला जरा बोलायचंय. रागावू नकोस."

"हं."

"आप्पांबद्दल आहे."

यावर "हं" आलं नाही. पण मी थांबलो नाही.

"माणूस सोन्यासारखा आहे." (आपल्याकडे कुणाची तक्रार करायची झाली की सुरुवात अशी करतात.) "पण पहाटे चारला गॅलरीत जाऊन खाकरतात ते किती मोठ्याने! आपला वॉचमन दचकून उठतो. सोसायटीला पहिल्यांदाच जागा वॉचमन मिळालाय ते सोड, पण माझी झोप गेली ना! आणि जेवताना माझ्या ताटाकडे का बघतात ते? तिसरी पोळी घेतली की 'घ्या, घ्या', आणि नाही घेतली की 'बस? म्हणूनच अंगात दम नाय.' अगं, माणसाने जेवायचं की परीक्षा द्यायची?"

समोरून हास्यक्लबची मंडळी येत होती. हात वर करून हा-हा-हा चाललेलं, ते एकदम थांबले आणि रांगेत उभे राहून आमच्याकडे बघायला लागले. मला वाटलं, जोडसायकलचं कौतुक! मी हात केला. त्यांच्यातल्या एका आजोबांनी दोन्ही हात जोडले.

"पेपर आधी तेच वाचतात आणि मग मला मोठ्याने सांगतात. ताजा पेपर घरात येऊन मला शिळा मिळतो! आणि ती बोगनवेल! सेक्रेटरी माझ्याशी बोलत नाहीत गं. मयताला गेल्यासारखे मान हलवून जातात!"

सायकल सुसाट. सिग्नल मागे पडला. भरावाच्या खाली दोन्ही बाजूंना भाजीचे मळे लागले. वाऱ्याला कोथिंबिरीचा वास. मंगल एका शब्दाने अडवत नव्हती, आणि मला असा चेव चढला की आयुष्यात पहिल्यांदाच मी बायकोसमोर एक पूर्ण भाषण करत होतो.

"तेव्हा माझं स्पष्ट मत आहे. संक्रांत झाली की आप्पांना दिंडोरीला सोडून येऊ. भांडून नाही, गोड बोलून. मी सांगतो त्यांना, डॉक्टर म्हणाले डोळ्याला गावचीच हवा बरी. डॉक्टर कुठं सांगायला येतोय! बोल, काय म्हणतेस? मंगल? अगं, बोल ना काहीतरी!"

मागून खर्जातला आवाज आला.

"जावईबापू, म्हशी."

क्षणभर मला वाटलं, थंडीने मंगलचा घसा बसलाय. मग वाटलं, पण मंगल मला जावईबापू का म्हणेल? मी सगळा जोर लावून मान वळवली, आणि हेल्मेटखाली टोपी, टोपीखाली मिशी आणि मिशीखाली शांत बसलेले आप्पा दिसले!

पुढे खरोखरच म्हशी होत्या. चांगल्या सहा-सात म्हशी रांगेने ट्रॅक ओलांडत होत्या. पण मी मागे बघत होतो, आणि ब्रेक फक्त माझ्याकडे होते, आणि माझे हात ब्रेक सोडून कपाळाकडे गेले होते. सायकलने स्वतःच्या बुद्धीने म्हशी चुकवल्या, लाल पट्टा सोडला, भरावाचा उतार पकडला आणि आम्हा दोघांना घेऊन खालच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात शिरली.

नुकतंच पाणी दिलेला वाफा होता. लागलं काही नाही, पण रुतलो मात्र व्यवस्थित. मी पालथा, तोंडात कोथिंबीर. आप्पा माझ्या आधी उठून उभे.

"लागलं का?"

"नाही. तुम्हाला?"

आप्पांनी कानापाशी हात नेला, मग जमिनीकडे बघायला लागले.

"मशीन पडलं वाटतं."

त्याच क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. मशीन पडलं! पण कुठून? मशीन कानात होतं, तर आप्पांनी सगळं ऐकलंय आणि मला सासुरवाडीची वाट कायमची बंद. आणि मशीन खिशात होतं, तर ते "हं" नुसतं दम लागल्याचं होतं आणि मी वाचलो! आप्पा बऱ्याचदा चालायला जाताना मशीन काढून खिशात ठेवतात. घामाने खराब होतं म्हणून. माझा संसार, माझी अब्रू आणि येणाऱ्या सगळ्या दिवाळ्या एवढ्याशा मशीनवर येऊन ठेपल्या!

आम्ही दोघं चिखलात गुडघ्यांवर रांगत कोथिंबीर चाळायला लागलो. मी जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं, "आप्पा, कानातून पडलं की खिशातून?"

"काय?"

"मशीन! कानातून की खिशातून?"

"व्हय, मशीनच."

"कानातून की खिशातून?" मी जीव तोडून ओरडलो.

"कानातून नाय अन् खिशातून नाय, ही कोथमीर माझ्या मळ्यातून चाललीय!" पाठीमागून उत्तर आलं. मळ्याची मालकीण कमरेवर हात ठेवून उभी होती. पदर खोचलेला, हातात विळा. "काय चाललंय? सायकल शिकायला माझाच वाफा मिळाला?"

मी पटकन हात जोडून म्हशी, ब्रेक, मशीन असं सगळं सांगितलं. बाईचा राग निवळला. विळा बांधावर ठेवून तीही शोधायला लागली. म्हाताऱ्या माणसाचा कान हरवला म्हटल्यावर कुणाला कीव येणार नाही? तिघंजण रांगत होतो. वरून ट्रॅकवरच्या दोघांनी वाकून विचारलं, "काय, ताजी आहे का?"

आणि एवढ्यात आप्पांनी जाकिटाच्या आतल्या खिशात हात घातला. "अरे, हे काय, हितंच हाय की!" मशीन कोरडं, स्वच्छ, रुमालात गुंडाळलेलं!

खिशात! आतल्या खिशात! रुमालात! मला त्या चिखलात नाचावंसं वाटलं. मी आप्पांचा हात धरला, त्यांच्या धोतराचा चिखल झटकला, हेल्मेट काढून टोपी सरळ करून दिली. जगात आप्पांसारखे सासरे नाहीत, असं मला मनापासून वाटायला लागलं.

आप्पांनी मशीन कानात बसवलं. बाईने त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "बाबा, ते संक्रांतीनंतर दिंडोरीला सोडून यायचंय, ते तुम्हालाच का?"

मी तिच्याकडे वळलो. "तु-तुम्हाला कसं कळलं?"

"कळायला काय? सिग्नलपासून ऐकतीय मी. मला वाटलं, पुढारी आला प्रचाराला. म्हणलं निवडणूक लागली का काय!"

तेव्हा कुठे माझा हात माझ्या डोक्याकडे गेला. कानटोपी! कान असे घट्ट बांधले की आपला आवाज आपल्याला हळू वाटतो. ज्याला मी बायकोच्या कानात कुजबुजणं समजत होतो, ती जाहीर सभा चालली होती. हास्यक्लब थांबला तो सायकलीसाठी नव्हे. ते आजोबा हात जोडत होते ते मला!

"काय म्हणतायत ह्या?" आप्पांनी मशीन नीट करत विचारलं.

"काही नाही, कोथिंबीर यंदा बरी आलीय म्हणतात."

"मी कुठं..." बाई म्हणाली, मग माझं तोंड बघून तिला दया आली असावी. तिने वाफ्यातली एक जुडी उपटून आप्पांच्या हातात दिली. "घ्या बाबा. जावयाच्या घरी हाय तवर खाऊन घ्या."

सायकलचं पुढचं चाक वाकडं झालं होतं. ती ढकलत आम्ही भराव चढलो आणि मिसळीच्या हॉटेलकडे चालायला लागलो. ऊन वर आलं होतं. आप्पांच्या हातात कोथिंबिरीची जुडी. बरंच चालल्यावर आप्पा म्हणाले, "जावईबापू, एक बोलू? रागावू नका."

"छे, छे. बोला ना."

"माणूस तुम्ही सोन्यासारखे हाय."

आता काय येणार हे मला माहीत होतं.

"पण घोरता किती! मशीन काढलं तरी ऐकू येतं. सकाळी बाथरूममधी शिरले की माणूस परत येतो का नाय अशी काळजी लागती. अन् तुमच्याकडचा चहा! मधुमेह तुम्हाला, अन् बिनसाखरेचा मी पण पितोय."

"म्हणजे आप्पा, तुम्ही... ते मागे बसून... पण मशीन तर खिशात होतं!"

"मशीन हळू बोलणाऱ्यांसाठी असतं, जावईबापू."

मी रस्त्यावरच थांबलो. माफी कशी मागतात हे आठवायला लागलो. तर आप्पा माझ्या जवळ आले, मागेपुढे बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मला घरी जायचंय हो! कवाधरनं जायचंय. द्राक्षाच्या मण्यांत पाणी उतरायला लागलं असंल आता. पण मंगलचं तोंड बघितलं की जीभ उचलत नाय. म्हणलं, तुम्ही तरी कंटाळाल, तुम्ही तरी म्हणाल. ती बोगनवेल काय मला नीट छाटता येत नव्हती? मी म्हणलं सोसायटी बोंबलंल अन् तुम्ही मला जीपमधी घालाल. तर तुम्ही गप! मग पेपर घेतला, तरी गप! तुमच्याइतका सोशिक माणूस मी बघितला नाय."

इतके दिवस एका घरात दोन माणसं एकाच गोष्टीसाठी झुरत होती आणि दोघांनाही एकाच बाईची भीती वाटत होती! मी सायकल सोडून त्यांना मिठीच मारणार होतो, पण दोघंही चिखलाने माखलो होतो.

"मग आता मंगलला सांगून टाकू," मी म्हणालो.

"सांगा की."

"मी? तुमची मुलगी आहे."

"तुमची बायको हाय."

हे ठरायच्या आत हॉटेल आलं. आम्ही वाफ्यात रांगत होतो तेव्हा मंगल म्हशींच्या पलीकडून पुढे निघून आली होती. ती भिशीच्या मैत्रिणींसोबत बसली होती. आमचा अवतार बघून तिने काहीही विचारलं नाही. मला तेच भयंकर वाटलं. दोन प्लेटी पुढे सरकवल्या.

"मिसळ झणझणीत हाय," आप्पा म्हणाले.

"फारच झणझणीत," मी म्हणालो.

"हो का?" मंगल म्हणाली. "मघाशी बोलत होता त्यापेक्षा?"

आमचे घास हातातच राहिले. वाटेत तिला हास्यक्लब भेटला होता. त्यांच्या अध्यक्षांनी स्वतः थांबवून सांगितलं होतं, "वहिनी, मिस्टरांचा आवाज खणखणीत आहे हो! आमच्याकडे पाठवा."

मैत्रिणी उठून चहा सांगायला गेल्या. मंगल पावाचा तुकडा नुसता चुरत होती. मग आप्पांकडे न बघता म्हणाली, "मला वाटलं, इथं बरं वाटतंय तुम्हाला. आई गेल्यापासून तिकडं एकटेच असता."

"एकटा कुठं गं?" आप्पा म्हणाले. "एवढी बाग हाय. तुझ्याकडं राहून मन भरलं बघ. पण घड भरताना मी तिथं नको का? तेच बघायचं नसंल तर हा डोळा नीट कशाला केला?"

मंगलने पदराने डोळे पुसले आणि वाडगा उचलून तर्री आधी आप्पांच्या प्लेटमध्ये ओतली. मला नाही.

"बरं," ती म्हणाली. "जा. पण धुळीत उतरायचं नाही, फवारणी असली की घरात बसायचं. आणि मी तुमच्या भरवशावर नाही सोडणार. हे येतील बरोबर लक्ष ठेवायला. ह्यांच्या रजा पडून आहेत."

"मी?" मला ठसका लागला. आप्पांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की ठसका गेला आणि नाही म्हणायची ताकदही गेली.

तर संक्रांतीचा तिळगूळ खाऊन आम्ही दोघं दिंडोरीच्या जीपमध्ये बसलो. बाग बघून आप्पा असे खुलले की विचारू नका. एकेका वेलीखाली उभे राहायचे, घड नुसते तळहातावर तोलायचे आणि सोडून द्यायचे. मलाही तिथे बरं वाटायला लागलं. पहाटे चारला खाकरायला अख्खा मळा मोकळा होता आणि पेपर दुपारी यायचा, तोही मी आधी वाचायचो. फक्त मला काही काम जमत नव्हतं. क्रेट उचलता येत नव्हते, घड खुडताना मणी सांडायचे, दिलीप सौजन्याने म्हणायचा, "भाऊजी, तुम्ही सावलीत बसा."

तिसऱ्या दिवशी आप्पांनी मला एक काम शोधून दिलं. बागेच्या मधोमध बांधावर खुर्ची टाकली, डोक्यात कानटोपी घालायला लावली आणि म्हणाले, "बसा हितं. अन् मनात हाय ते सगळं बोला. ऑफिसचं, सोसायटीचं, माझं. काय राखून ठेवू नका."

मी बोलायला लागलो. खरं सांगतो, इतकं मोकळं मला कधी वाटलं नव्हतं. दुपारी मंगलचा फोन आला, तो आप्पांनी घेतला. लांबून मला त्यांचं बोलणं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. दिलीप शेजारीच उभा होता, त्याने रात्री हसत हसत सांगितलं. मंगलने विचारलं होतं, हे काही कामाबिमाला हात लावतात की नुसते बसून असतात?

आप्पा म्हणाले, "नुसते कशाला बसतील? सकाळधरनं बोलतायत. एक पाखरू द्राक्षाला शिवलं नाय."